स्वतःच्या शब्दांत

मी कॉपी केली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नोव्हाय गावातल्या निम्म्या मराठी बायकांना ही गोष्ट अर्धीच माहीत आहे, आणि उरलेली अर्धी त्यांनी आपल्या पदरची घातली आहे.

तर मी सुलेखा. वय सेहेचाळीस, माहेर लातूर. नवरा रवी इथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. चौदा वर्षं मी डिपेंडंट व्हिसावर घरात काढली, नोकरी करायची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड आलं त्याच आठवड्यात कम्युनिटी कॉलेजात जाऊन नाव घातलं. मला नर्स व्हायचं होतं. सगळे म्हणाले, या वयात? मी म्हटलं, हो, याच वयात. दुसरं वय कुठून आणू?

दोन वर्षं एकेक विषय उरकत गेले आणि नर्सिंगला सीट मिळाली. अट एकच होती. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीत बी ग्रेड हवी, आणि माझ्या हिशेबाने त्यासाठी शेवटच्या पेपरात शंभरपैकी ऐंशी मार्क लागत होते. ते नाही मिळाले तर सीट दुसऱ्याला.

आता अभ्यास कसा करायचा ते मला कोणी शिकवू नये. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात. अकरावीला सायन्स घेतलं आणि रातोरात सगळं इंग्रजी झालं. कळायचं कमी, पाठ व्हायचं जास्त. गच्चीवर येरझाऱ्या घालत धडेच्या धडे घोकले, आणि बारावीला बायॉलॉजीत जिल्ह्यात चौथी आले. तीच रीत मी इथे चालू ठेवली. बेसमेंटमध्ये येरझाऱ्या घालून हृदयाचं अख्खं प्रकरण पाठ केलं, स्वल्पविरामांसकट.

पेपरात शेवटचा प्रश्न वीस मार्कांचा होता. हृदयाची झडप नीट बंद झाली नाही तर काय होतं, ते स्वतःच्या शब्दांत समजावून सांगा. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ते 'स्वतःच्या शब्दांत' मी मनावरच घेतलं नाही. आपल्याकडे 'थोडक्यात उत्तरे लिहा' म्हणतात आणि पोरं पुरवण्या जोडतात, तसंच काहीतरी असेल म्हटलं. पान सातशे चौतीस डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि मी ते कागदावर उतरवून काढलं.

तीन दिवसांनी डीनच्या ऑफिसातून ईमेल आली. प्रामाणिकपणाबद्दल चौकशी. माझं उत्तर पुस्तकाशी शब्दन् शब्द जुळतंय, सबब मी फोनमधून किंवा चिठ्ठीवरून उतरवल्याचा संशय आहे, पुढच्या गुरुवारी हजर राहावे. पुरावा म्हणून माझ्याच उत्तरातली एक ओळ दिली होती. दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी मी लिहिलं होतं, "आकृती २०.१२ पाहा."

पेपरात आकृती नव्हती, तरी मी लिहिलं. का? पुस्तकात होतं म्हणून!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिठ्ठ्या बाळगणाऱ्या पोरींशी मी शाळेत बोलायचीसुद्धा नाही, आणि मला चोर म्हणतात?

रवीने ईमेल दोनदा वाचली. तो स्वभावाने गरीब. म्हणाला, "सुलेखा, मान्य करून टाक ना. पहिली चूक आहे, समज देऊन सोडतील. पुढच्या वर्षी कोर्स रिपीट कर."

"न केलेली चूक मान्य करू?"

"अगं, प्रकरण मिटेल."

"प्रकरण मिटेल आणि माझ्या नावापुढे कॉपी केली असं कायमचं लागेल. नर्सच्या हातात लोक जीव देतात रे. कॉपी करणाऱ्या बाईच्या हातात कोण देईल?"

मग मी मुलीला फोन केला. आमची आन्या अ‍ॅन आर्बरला शिकते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॉम, डिड यू गो टू द लर्निंग सेंटर? इट्स लिटरली देअर फॉर यू."

लर्निंग सेंटर मला माहीत नव्हतं असं नाही. लायब्ररीच्या खालच्या मजल्यावर आहे, दोन वर्षं रोज त्यावरून गेले. दाराबाहेर फलक आहे. शिकवणी मिळेल, निबंध तपासून मिळेल, परीक्षेची भीती वाटत असेल तर येऊन बोला, कॉलेजकडून पत्र आलं आणि कळत नसेल तर घेऊन या. एका कपाटात डबाबंद सूप आणि पीनट बटरच्या बरण्यासुद्धा, ज्याच्या घरी खायला नसेल त्याने न विचारता न्याव्यात. आणि मी? मी नाक वर करून पुढे जायचे. जिल्ह्यात चौथी आलेल्या बाईला असल्या ठिकाणी काय काम? ते ढ मुलांसाठी, असा माझा पक्का समज होता. माझाच शहाणपणा, दुसरं काय.

त्या दिवशी मात्र गेले. टेबलामागे लोरेटाबाई बसल्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, चौतीस वर्षं हृदयाच्या वॉर्डात नर्स होत्या, रिटायर झाल्यावर इथे शिकवतात. मी ईमेल त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, मला शिकवणी नको, मी कॉपी केली नाही असं सांगणारं पत्र हवं.

"मी तुला आज पहिल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या. "पत्र कशावरून देऊ?"

मग मी तिथेच उभ्या उभ्या सातशे चौतीसावं पान म्हणून दाखवलं. शेजारच्या टेबलावर दोन मुलं गणित करत होती, ती गणित सोडून ऐकायला लागली. लोरेटाबाई पुस्तकात बोट ठेवून तपासत होत्या. पान संपल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं.

"तू कॉपी केली नाहीस," त्या म्हणाल्या. "चौकशीला सोबत एक माणूस नेता येतं. त्याला बोलायची परवानगी नसते, नुसतं शेजारी बसायचं. मी येईन."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आता समज, मी तुझी पेशंट आहे. डॉक्टर सांगून गेले की माझी झडप गळते. मला काही कळलं नाही. तू सांग."

मी पहिलं वाक्य सुरू केलं.

"हे पुस्तकातलं. मला घाबरायला झालंय, सुलेखा, मला व्हेंट्रिकल नको."

मी दुसरीकडून सुरुवात केली. तेही पुस्तकातलंच निघालं. खरं सांगते, मला दुसरं काही येतच नव्हतं. मग मला राग आला. मी म्हटलं, मी यासाठी आलेच नाही, मला फक्त आरोप काढून टाकायचा आहे.

"प्रश्न वाचलास का?" त्या शांतपणे म्हणाल्या. "आरोप निघाला तरी या उत्तराला मार्क मिळणार नाहीत. स्वतःच्या शब्दांत मागितलं होतं."

मी हिशेब केला. बाकीच्या ऐंशीत मला सहासष्ट होते. या प्रश्नाचे किमान चौदा नाही मिळाले, तर मी प्रामाणिक ठरेन आणि तरीही माझी सीट जाईल. लोरेटाबाईंनी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "उद्या दहाला ये."

सहा दिवस गेले. लोरेटाबाई माझं पुस्तक काढून घ्यायच्या आणि चक्क त्यावर बसायच्या. पुस्तकी शब्द आला की बोट वर. "पेशंट उठून गेला." पुन्हा पहिल्यापासून. कधी त्या भेदरलेली म्हातारी व्हायच्या, कधी भांडखोर ट्रकवाला. ट्रकवाला मला बरा जमायचा, भांडायला शब्द आपोआप येतात. पण हृदय समजावून सांगायला लागले की माझं इंग्रजी पुन्हा सातशे चौतीसाव्या पानावर जाऊन बसायचं. सहाव्या दिवशीही बोट वर होतंच. मी रडले. त्यांनी कागदी रुमालांचा डबा पुढे केला आणि म्हणाल्या, "तुला काय माहीत आहे ते तुला माहीत नाही. घरी जा, जेव."

गुरुवारी डीनच्या खोलीत आम्ही चौघं होतो. डीनबाई, मी, शेजारी मुक्या लोरेटाबाई, आणि समोर हेन्शॉ सर. माझे प्रोफेसर. मी त्यांना सर म्हणायचे आणि ते दरवेळी दचकायचे. माणूस वाईट नाही. अवघडल्यासारखे बसले होते.

डीनबाईंनी आरोप वाचला. मी म्हटलं, "सर, पुस्तक उघडा. त्या प्रकरणातलं कुठलंही पान."

त्यांनी सातशे एकतीस उघडलं. मी म्हटलं. मग सातशे चाळीस काढलं. तेही म्हटलं. तिसऱ्या पानाला मी आकृतीखालची बारीक ओळसुद्धा म्हणून दाखवली, तशी डीनबाईंनी लिहायचं सोडून दिलं. हेन्शॉ सरांचा चेहरा लाल झाला.

"मी चुकलो," ते म्हणाले. "माझ्या बावीस वर्षांत असं कोणी केलेलं नाही. मी आरोप मागे घेतो आणि तुमची माफी मागतो."

लोरेटाबाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. मला वाटलं, उठावं आणि जावं. पण सर पुढे म्हणाले, "मात्र या उत्तराला मला मार्क देता येणार नाहीत. तुम्हाला हे समजलंय का, ते यावरून मला कळत नाही."

अगदी लोरेटाबाई म्हणाल्या होत्या तेच. मी म्हटलं, "मग आत्ता विचारा."

त्यांनी डीनबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, तुमच्या अधिकारातली गोष्ट आहे. सरांनी पुस्तक बाजूला ठेवलं. "ठीक आहे. मी पेशंट आहे. झडप गळते म्हणतात. म्हणून मला जिना चढताना धाप का लागते?"

मी तोंड उघडलं आणि पुस्तकातलं पहिलं वाक्य हजर झालं. मी ते गिळलं. दुसरं आलं, तेही गिळलं. मग डोक्यात काहीच उरलं नाही. खोलीत घड्याळ वाजत होतं आणि लोरेटाबाई छताकडे बघत होत्या. आणि एकदम मला आमच्या गल्लीतला हापसा दिसला.

लातुरात पाण्याचे काय हाल असतात ते मराठी माणसाला सांगायला नको. नळाला आठवड्याने पाणी, बाकी सगळा हापसा. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी म्हटलं, "सर, माझ्या गावात आम्ही हाताने पाणी उपसतो. पंपाच्या आत चामड्याचं एक वायसर असतं. दांडा मारला की पाणी वर येतं, आणि वायसर त्याला खाली पडू देत नाही. वायसर झिजलं की तुम्ही दांडा मारता, पाणी वर येतं आणि निम्मं परत खाली जातं. घागर भरत नाही. मग तुम्ही जास्त जोरात मारता, जास्त वेळा मारता. दंड भरून येतात. मी बारा वर्षांची होते, माझे यायचे. तुमच्या हृदयाचे दंड भरून आलेत, सर. ते आळशी नाही, ते दुप्पट काम करतंय. आणि जे पाणी मागे गेलं ते जाणार कुठे? मागे फुफ्फुसं आहेत. तिथे ओल धरते. जिना चढताना शरीर जास्त पाणी मागतं, हृदय देऊ शकत नाही आणि ओल्या फुफ्फुसाला हवा पुरत नाही. म्हणून धाप. तुमचं वय झालं म्हणून नाही. वायसर गेलंय. डॉक्टर ते दुरुस्त करतात, कधी नवीन बसवतात. तोवर मीठ कमी खा, दोन उशा घेऊन झोपा. आणि घाबरू नका, मी इथेच आहे."

ते शेवटचं वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. पण बोलताना माझ्यासमोर हेन्शॉ सर नव्हतेच, खरोखरचा पेशंट होता.

सरांनी माझा पेपर ओढला, शून्य खोडलं आणि तिथे सतरा लिहिलं. एकूण त्र्याऐंशी. म्हणाले, "पुढच्या वर्षी हा पंप मी वर्गात सांगितला तर चालेल?" मी म्हटलं, सांगा, पण लातूरचा आहे म्हणून सांगा.

बोलायची परवानगी नसलेल्या लोरेटाबाई दाराबाहेर आल्या आणि त्यांनी अशी आरोळी ठोकली की दोन ऑफिसांतली माणसं बाहेर डोकावली. मला त्यांनी उचलायचंच बाकी ठेवलं होतं.

रवी अर्धी सुट्टी टाकून पार्किंग लॉटमध्ये बसला होता. मी गाडीत बसल्याबरोबर त्याने विचारलं, "काय झालं?"

"सुटले. आणि सतरा मिळाले."

"वीसपैकी ना?" त्याने सुस्कारा सोडला, आणि मग, मराठी माणूसच शेवटी, म्हणाला, "तीन कशाचे कापले?"

"रवी," मी म्हटलं, "बारावीला बायॉलॉजीत मला सत्त्याण्णव होते. पेपरात छापून आला होता फोटो. त्या उत्तरांतलं एकही वाक्य माझं नव्हतं. हे सतराच्या सतरा माझे आहेत."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. गाडी सुरू केली, हायवेला लागला आणि मग हळूच म्हणाला, "मलापण सांग ना, काय सांगितलंस त्यांना."

मग मी सांगायला लागले. झडप, फुफ्फुसं, पाणी, सगळं, पहिल्यापासून, या वेळी मराठीत. मध्येच तो म्हणाला, "थांब, थांब, आपली एक्झिट गेली." मी म्हटलं, जाऊ दे, पुढची घे, माझं अजून संपलेलं नाही.