उजव्या बाजूचा आवाज

दाजींना सगळी गल्ली दाजी म्हणायची, पण ते खरे दाजी एकाच माणसाचे, बायकोच्या धाकट्या भावाचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी दर रविवारी दुपारी, जेवणं आटोपली की, हा मेहुणा दोन बस बदलून दाजींकडे गाणी ऐकायला यायचा.

दाजींचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांच्या डॉक्टरांनी माप पाठवायचं, दाजींनी मेणात दात बसवायचे, घासायचे, चकचकीत करून परत पाठवायचे. पुढच्या खोलीत प्लॅस्टरची धूळ, मागच्या खोलीत गाणी. मूल ना बाळ. आठवडाभर समोर ओळीने मांडलेले जबडे, आणि ते कसले बोलतात डोंबलाचे! त्यामुळे रविवार म्हणजे दाजींचा जीव की प्राण. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, मेहुण्याला तर मुळीच नाही. असलं काही तोंडाने बोलणाऱ्यांतले दाजी नव्हतेच.

मागच्या खोलीत एक जुना ॲम्प्लिफायर होता, लग्नानंतर हौसेने घेतलेला. दोन स्पीकर आणि तबकड्यांनी भरलेलं कपाट. ॲम्प्लिफायर म्हातारा झाला तसा उजवा स्पीकर गाता गाता मुका व्हायला लागला. मेकॅनिकने हात टेकले. मग एका रविवारी मेहुण्यानेच शोध लावला. मागे जिथे स्पीकरची वायर बसते, तिथे बोटाने दाबून धरलं की आवाज येतो, बोट काढलं की गेला! तेव्हापासून दाजी समोर खुर्चीत, आणि मेहुणा कपाटाच्या आडोशाला बुटक्या स्टुलावर, हात मागे घालून, बोट दाबून. दाजींनी "हात लाव रे जरा" म्हणायचं आणि त्याने लावायचा, असा रिवाजच पडून गेला.

तबकडीची एक बाजू संपली की मेहुणा बोट काढायचा, हात झटकायचा आणि बोलायला लागायचा. ताई लहानपणी कशी हट्टी होती, वडिलांना कसं गुंडाळायची, एकदा रुसून पलंगाखाली कशी झोपून गेली आणि घरच्यांनी तिला विहिरीपर्यंत कसं शोधलं. बायकोचं लहानपण दाजींना या माणसाकडून असं थोडं थोडं मिळालं होतं. चहा गार होईपर्यंत हे चालायचं. मग मेहुणाच म्हणायचा, "उलटा आता, दाजी," आणि पुन्हा बोट लावून बसायचा.

दाजींना मात्र मनातून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पन्नाशी उलटलेला माणूस, पाहुणा म्हणून येतो आणि पहारेकऱ्यासारखा कोपऱ्यात बसतो. कानाशी धड एक स्पीकर नाही. हा ऐकतो तरी काय? एक दिवस कंटाळेल आणि यायचा बंद होईल, अशी धास्तीच त्यांनी घेतली. आणि धास्ती घेतलेला माणूस काय करील त्याचा नेम नसतो. दाजी उठले, दुकानात गेले, जुना ॲम्प्लिफायर बदल्यात देऊन टाकला आणि नवा घेऊन आले. त्याला फोन जोडला की झालं, तबकडी नको, उठणं नको, गाण्यामागून गाणं आपोआप वाजत राहतं. दाजींनी मेहुण्यासाठी आणखी एक खुर्ची आणली आणि आपल्या खुर्चीला लागून मांडली. ते बुटकं स्टूल कामाच्या खोलीत नेऊन ठेवलं.

रविवारी मेहुणा आला आणि सवयीने कपाटाकडे वळला.

"अहो, स्टूल कुठाय?"

"बस की इथं खुर्चीत," दाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. "आता हात लावायची भानगड नाही. बघ तर खरं."

गाणी सुरू झाली. डावीकडून, उजवीकडून, कुठे खरखर नाही, कुठे अडत नाही. मेहुणा नव्या खुर्चीत टेकला, पण हातांचं काय करावं ते त्याला कळेना. त्याने ते मांडीवर ठेवले, मग घडी घातली, मग चहाचा कप रिकामा झाला तरी धरून बसला. एक गाणं संपायच्या आत दुसरं. बोलायला तोंड उघडावं तर वाद्यं सुरू. दाजींनी दोनदा विचारलं, "कसं काय?" मेहुणा दोन्ही वेळा म्हणाला, "छान आहे. एकदम छान."

निघताना दारात चप्पल घालता घालता तो म्हणाला, "चला, बरं झालं दाजी. तुमची सोय झाली."

दाजींना हे कौतुक वाटलं. भोळा जीव!

पुढच्या रविवारी मेहुणा आला नाही. सर्दी झालीय म्हणाला. त्यापुढच्या रविवारी लेकीकडे काम निघालं. दाजी एकटेच, दोन खुर्च्यांपैकी एकीत, स्पीकरांपुढे बसले. आवाज चांगला होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. गाणाऱ्या बाईने श्वास घेतलेला ऐकू येत होता, मागे कुणी तरी खाकरलेलं ऐकू येत होतं. पण दाजींचं लक्ष लागेना. नवी कवळी बसवलेली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे येऊन कुरकुरत, की बसलीय मापात, पण जेवणाला चव नाही. दाजींचं उत्तर ठरलेलं, थोडे दिवस जाऊ द्या, सवय होईल. आता तेच त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं, आणि स्वतःचाच राग आला.

ते दुकानात गेले. "माझा जुना परत द्या," म्हणाले.

दुकानदार हसायलाच लागला. "आजोबा, तो कधीच भंगारात गेला! लोक नवं मागायला येतात, तुम्ही मोडकं मागताय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण दाजी हार मानणारे नव्हते. घरी येऊन त्यांनी नव्या ॲम्प्लिफायरच्या मागे हात घातला आणि उजव्या स्पीकरची वायर चक्क उपटली. उभ्या जन्मात कुणाच्या कवळीत केसाएवढी फट न ठेवणारा माणूस! मग मेहुण्याला फोन लावला.

"अरे, उजवी बाजू गेली बघ. रविवारी येऊन जरा बघतोस का?"

"नव्याची?" मेहुणा म्हणाला. "मग तुम्ही हात लावू नका दाजी. गॅरंटीत आहे ना? कंपनीचा माणूस बोलवा. मी उगाच काही तरी करायचो आणि तुमची वस्तू खराब व्हायची."

दाजींनी वायर होती तिथे परत बसवली. दोष तरी कुणाला द्यायचा, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्या रविवारी ते कामाच्या खोलीतच बसून राहिले. दुपार कलली, बस येऊन गेल्याचा आवाज आला, मग दुसरी आली. कुणी आलं नाही. शेवटी त्यांनी फोन उचलला. या खेपेला वायर नाही, सर्दी नाही, काही नाही. मनातलं बोलून मोकळं व्हायचं.

"कंपनीचा माणूस आला का?" मेहुण्याने पहिलंच विचारलं. पलीकडे पोरांचा गलका चालला होता.

"ते जाऊ दे. मी तो नवा तुझ्यासाठी घेतला रे. तू कोपऱ्यात अवघडून बसायचास, मला बघवायचं नाही. नीट बसून ऐकावंस म्हणून घेतला."

पलीकडचा गलका एकदम थांबला, मेहुणा बहुतेक दुसऱ्या खोलीत गेला होता.

"दाजी, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "कधीच कळलं नाही. ताई गेल्यावर कुठल्या नात्याने यायचं तुमच्याकडे, मला कळायचं नाही. तुम्ही हात लाव म्हणायचात, म्हटलं चला, तेवढ्यापुरता तरी लागतो मी. त्या दिवशी स्टूल काढलेलं बघितलं आणि वाटलं, आता नको म्हणतायत."

"गाढवा," दाजी म्हणाले, "अरे गाढवा..." आणि मग एवढ्या वर्षांत न म्हटलेलं म्हणाले, "ये ना रे. उद्या ये, परवा ये."

"आता रविवारी नातवंडांना पोहायला न्यावं लागतं, दाजी. लेकीने माझ्यावरच सोपवलंय. पोरं दुसऱ्या कुणाबरोबर जात नाहीत." त्याच्या आवाजात नकळत थोडा अभिमान आला होता. "बघू. जमलं तर येतो."

तेवढ्यात कुणी तरी "आजोबा!" म्हणून हाक मारली आणि तो "आलो, आलो" म्हणाला.

"हो, हो, जा तू," दाजी घाईघाईने म्हणाले. "सवडीने ये. आधी कळवायचीही गरज नाही, मी काय, घरीच असतो. आणि हे बघ, गाणी लावणारच नाही आपण, नुसते बसू..."

फोन मघाशीच बंद झाला होता. दाजींना ते कळायला जरा वेळ लागला.