धबधब्यापुढे हरलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. जत्रेतली पत्र्याची पिपाणी समजू नका हं! कोल्हापूरच्या एका कारागिराने मला घडवले, घासूनपुसून लखलखीत केले आणि माझ्या पोटात बुचाचा एक मणी घातला. तो मणी नाचू लागला की मी अशी किंचाळत असे, की झाडावरचे कावळे उडून जात.

शाहूवाडीकडच्या एका शाळेत हंबीरराव सरांच्या गळ्यात मी राहत असे. मी वाजले की मैदानावरची पोरे जागच्या जागी उभी राहत. एकदा तालुक्याच्या स्पर्धेत शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारले, "एवढी शिस्त कशी काय लावलीसा?" सरांनी मला वर धरून दाखवले. मला तेव्हा आभाळ ठेंगणे झाले होते.

१९९८ सालच्या श्रावणात सर आणि शिवांजली बाई चौथीच्या पोरांना घेऊन डोंगरातल्या धबधब्याला निघाले. पायवाट तासाभराची. निघताना सरांनी बजावले, "शिट्टी ऐकली की हातातलं सोडून परत यायचं. काय?"

"व्हय सर!" पोरे ओरडली.

धबधब्याजवळ पोहोचलो आणि माझी छातीच दडपली. असला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. पोरे घोट्याएवढ्या पाण्यात खेळू लागली. क्रांती, बसवेश आणि सगळ्यांत लहान राजवीर ही तिघे दगडांवरून उड्या मारत ओढ्याच्या मधल्या खडकावर जाऊन बसली. आमच्याकडे ऊन होते, पण वर डोंगरावर काळेकुट्ट झाले होते. बघता बघता पाणी गढूळ झाले. पालापाचोळा, काटक्या वाहत येऊ लागल्या. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मला तोंडाला लावले.

मी वाजले. जिवाच्या आकांताने वाजले. पण माझा आवाज मलाच ऐकू येईना! सरांनी दोन्ही हात हलवले, तर खडकावरची तिघेही हसत हसत हात हलवू लागली. त्यांना वाटले, सर टाटा करताहेत. अरे देवा! सर धावले आणि शेवाळावरून घसरून आपटले. गुडघा फुटला. पाणी चढतच होते. मित्रांनो, ही पोरे आता डोळ्यांदेखत वाहून जाणार, असेच मला वाटले.

तेवढ्यात शिवांजली बाई सरांच्या कानाशी ओरडल्या, "सर, शिट्टी सोडा! पोरांस्नी जेवायला बसवा की!"

बाईंनी काठावरच्या पोरांना भराभर वर उतारावर नेले, खडकावरून दिसतील असे ओळीने बसवले. "उघडा डबे! हात वर करून खावा, घास दिसू देत!"

पंगत बसलेली पाहताच ती तिघे ताडकन उठली. आपल्याला सोडून जेवतात म्हणजे काय! दगडांवरून उड्या टाकत ती पळत सुटली. क्रांती आली. बसवेश आला. शेवटच्या दगडावर राजवीरचा पाय सटकला. सर लंगडत कंबरभर पाण्यात शिरले आणि त्याचे मनगट धरले. बाईंनी मागून सरांचा सदरा घट्ट पकडला. माझ्या पोटात गाळाचे पाणी शिरले, मला काही दिसेना. मग कसेबसे आम्ही काठाला लागलो. मागे वळून पाहिले तर तो खडक पाण्याखाली गेला होता.

"सर, आमचा डबा कुठं हाय?" राजवीर विचारत होता. सर त्याला पोटाशी धरून ढसाढसा रडले.

सर निवृत्त झाले त्याला आता काही वर्षे झाली. मी त्यांच्या घरी खणात पडून असते. अंगावर हिरवट डाग चढलेत, मणी कुजला आहे. कुणी फुंकलेच तर नुसती फुस्स हवा जाते. जोराचा पाऊस आला की मला अजून धडकी भरते.

मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. मित्रांनो, माझे मागणे वेगळेच आहे. पाण्यात खेळताना अधूनमधून मागे वळून आपल्या मोठ्या माणसांकडे बघत जा. त्यांचे तोंड हलताना दिसले आणि शब्द ऐकू आला नाही, तर हसू नका. तसेच पळत या. ती माणसे जीव तोडून तुम्हालाच हाका मारत असतात.