नाकातासानांच्या गावचा देव

इथे आखातात, रास अल खोरच्या आमच्या ऑफिसात फाइलींच्या कपाटावर एक लाकडी देव्हारा आहे. आत मूर्ती नाही, नुसती पांढऱ्या कागदात गुंडाळलेली लाकडी पट्टी. आमचे जपानी साहेब, नाकातासान, रोज सकाळी तिच्यापुढे तांदूळ, मीठ, पाणी ठेवतात आणि दोन टाळ्या वाजवून वाकतात. ती त्यांच्या गावच्या शिंतो देवळातली. तीनशे वर्षांपूर्वी म्हणे कोळ्यांच्या जाळ्यात एक फळी आली, तिच्यासाठी त्यांनी किनाऱ्यावर देऊळ बांधलं. दर जानेवारीत तिथून नवी पट्टी येते, जुनी परत जाते आणि तिथेच विधीने जाळतात. मला सगळं पाठ आहे. आठ वर्षं ते कुरिअर मीच करतेय.

यंदा मार्च उलटला तरी नवीचा पत्ता नाही. साहेब बजेटमध्ये बुडालेले. मला राहवेना. मुदत संपलेला देव तसाच ठेवू नये, एवढं साधं कळू नये माणसाला? शुक्रवारी हाफ डे. ऑफिस रिकामं झाल्यावर हळद-कुंकू, फूल वाहिलं, पट्टी पर्समध्ये घातली, लेकीला शाळेतून घेतलं आणि जद्दाफला खाडीत विसर्जन करून मोकळी झाले.

"आई, डिड यू ईव्हन आस्क हिम?" ईशानीने गाडीत विचारलं.

"देवाच्या कामात विचारायचं काय?" मोठी आली शहाणी!

सोमवारी साहेब रिकाम्या देव्हाऱ्यापुढे नुसते उभे. मी फुशारकीने सगळं सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले.

"मंजुषासान, नवी येणारच नव्हती. डिसेंबरात पुजारी वारले. गावात अकरा म्हातारे उरलेत. देऊळ बंद झालं. ती शेवटची होती."

अगं बाई गं! मी सगळ्यांसमोर रडले. साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण तो माणूस ओरडेना.

लंचला म्हणाले, "जागा दाखवा."

खाडीला ओहोटी होती. त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. मग विचारलं, "निरोप देताना तुम्ही काय म्हणता?"

"गणपतीला म्हणतो, पुढच्या वर्षी लवकर या."

"म्हणजे?"

अर्थ सांगितला. मग त्यांनी माझ्याकडून एकेक शब्द घोकून घेतला, कमरेत वाकले आणि तीनदा म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांच्या शेजारी वाकून मीही दोन टाळ्या वाजवल्या.