दादाची खरेदी

आमच्या घरात ‘दादाची खरेदी’ हा शब्द मला अ-आ-ईच्या आधी आला. दादा म्हणजे माझे बाबा. त्यांना दादा म्हणणारे जगात एकटे संपतकाका, त्यांचे धाकटे भाऊ, आणि हा शब्दही काकांचाच. नवी वस्तू बंद निघाली की ती दादाची खरेदी. बाबांनी आणलेला टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून ठेवला तरच फिरायचा. मिक्सर लावला की शेजारच्यांचा टीव्ही जायचा, आणि शेजारी तक्रार घेऊन येईपर्यंत मिक्सरही गेलेला असायचा, त्यामुळे काही सिद्ध व्हायचं नाही. काकांच्या मितालीचं पहिलं स्थळ साखरपुड्याआधी फिसकटलं, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, “स्थळ दादानं आणलं होतं.”

बाबा बडोद्याजवळ नंदेसरीला एका केमिकल फॅक्टरीत मेंटेनन्सला होते. दिवसभर परक्यांच्या बंद मशिनी चालू करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या बंद मशिनींत बसायचे. काका कोयलीला रिफायनरीत. त्यांच्या घरातलं सगळं पहिल्या दिवसापासून चालायचं, दारावरच्या बेलसकट.

तर दोन हजार नऊ साली बाबांनी माझ्यासाठी लॅपटॉप घेतला. मी तेव्हा एमसीएच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि कंप्युटर शिकण्यासाठी मित्रांच्या घरी जेवायच्या वेळा टाळून जात होतो. रावपुऱ्यातल्या एका दुकानात बाबा कितीतरी रविवार गेले. प्रत्येक लॅपटॉप उचलायचे, चालू करायचे आणि कानाशी धरायचे. फॅक्टरीत ते पंप असेच तपासत. दुकानदार वसंतभाई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, “ध्रुव, तारा पप्पा लॅपटॉप ले छे के नारियेळ?”

शेवटी अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी एक लॅपटॉप त्यांच्या कानाला पटला. त्याच मॉडेलचं सीलबंद खोकं घेऊन ते घरी आले. काका बघायला आले.

“उघड की दादा.”

“उद्या पौर्णिमा, मग पितृपक्ष. पितरांच्या दिवसांत नवी वस्तू उघडत नाहीत.”

“मग घेतलास कशाला?”

“घेतला अनंत चतुर्दशीला. घेणं वेगळं, उघडणं वेगळं.”

काकांनी खोक्याभोवती एक चक्कर मारली. “बरोबर आहे. तुझी ही पहिलीच खरेदी, जी अजून बिघडलेली नाही.”

बाबा हसले नाहीत. आत जाऊन आईला म्हणाले, “ह्या वेळी बघून घेतलाय. त्याला दाखवतोच.” आई कणीक मळत होती. मी पाणी पीत होतो. घरात एवढंच घडलं, पण नंतर आईला तेच वाक्य पुरलं.

पितृपक्ष संपला. मला वाटलं, आता उघडतील. पण आमचे पूर्वज गायकवाडी फौजेत होते, आणि घरचा रिवाज असा, की नवं शस्त्र खंडेनवमीला पुजायचं आणि दसऱ्याला हातात घ्यायचं. तलवार वाटणीत काकांकडे गेली. आमच्या वाट्याला रिवाज आला. म्हणून खंडेनवमीला पाटावर बाबांचे पाने, स्क्रूड्रायव्हर, आईची विळी, स्कूटरची चावी आणि मधोमध लॅपटॉपचं खोकं. बाबांनी खोक्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आतल्या वस्तूला त्यातलं काही कळलं नसावं.

दसऱ्याच्या सकाळी स्कूटरला हार घालताना बाबा खाली बसले. मला वाटलं, हाराची दोरी शोधतायत. मग ते आडवे झाले. डॉक्टर आले, त्यांनी हात धरून पाहिला आणि मला इंग्रजीत सांगितलं. गुजरातीत सांगितलं असतं तरी मला कळलं असतं. शेजारच्या बाई आल्या आणि त्यांनी सवयीनं आईच्या हातात आपट्याची पानं दिली. आईनं ती घेतली.

सुतकात नवं काही उघडत नाहीत, हे सांगायला कोणी लागलं नाही. खोकं कुंकवासकट कोपऱ्यात होतं. लोक भेटायला यायचे, बसायला जागा नसली की त्यावर टेकायचे, मग कुंकू बघून उठायचे.

तेरावं झाल्यावर आई म्हणाली, “उघड आता.”

मी उघडला. प्लग लावला, बटण दाबलं. एक निळा दिवा लागला, त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि तो विझला. मी परत दाबलं. दिव्यानं परत पाहिलंही नाही. रात्रभर चार्जिंगला ठेवला. सकाळी तो गरम होता, एवढीच प्रगती.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तेव्हा मला काहीच येत नव्हतं. भूकसुद्धा कोणी आठवण करून दिली तर लागायची.

आई मात्र ताठ बसली. “भाऊजींना कळता कामा नये.”

“आई, वॉरंटी आहे. मदरबोर्ड बदलून देतील.”

“दुरुस्त नको. नवा आण. तेराव्याला एवढी माणसं बसली होती, सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. भाऊजीसुद्धा. एकानंही खरेदी काढली नाही. ‘त्याला दाखवतोच’ म्हणाले होते ते. आता परत सुरू नको व्हायला. पहिल्या मासिकाला भाऊजी येतील तेव्हा लॅपटॉप चालू दिसला पाहिजे.”

मी वसंतभाईकडे गेलो. त्यानं बाबांबद्दल ऐकून खरंच वाईट वाटून घेतलं, चहा मागवला आणि सांगितलं की वस्तू बंद निघाली तर बदलून मिळते, पण बिलापासून पंधरा दिवसांच्या आत. त्यानंतर फक्त दुरुस्ती. आम्ही पंधरा दिवस तर पितरांना दिले होते. उरलेले शस्त्रांना आणि पुढचे बाबांना.

“कंपनी ऐकेल?” मी विचारलं.

“कंपनी मद्रासी छे,” वसंतभाई हळहळून म्हणाला. “एने श्राद्धनी खबर होय, पण एना कंप्युटरने नथी.”

मग दिवाळी आली आणि आमच्या दारावरून पुढे गेली. बडोद्यात दिवाळीला बंद झालेलं काही लाभपाचमीशिवाय उघडत नाही. त्यामुळे बंद लॅपटॉप घेऊन मी बंद सर्व्हिस सेंटरच्या पायरीवर एकदा बसून आलो. नंतर ते उघडलं. तिथल्या इंजिनियरनं खोकं फिरवून पाहिलं.

“ये लाल क्या गिराया है?”

“गिराया नहीं. पूजा है.”

“चालू करने के पहले पूजा?”

“बाद में करते तो हमको पता चल जाता.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा मी चेष्टा करतोय का हे बघायला. मलाही नक्की माहीत नव्हतं. त्यानं तपासून सांगितलं की पार्ट मुळातच खराब आहे, ग्राहकाचा दोष नाही. पण बदलून द्यायचं हेल्पलाइनवाल्यांच्या हातात. ज्याच्या नावावर बिल आहे, त्यानं स्वतः, बिलावरच्या नंबरावरून बोलायचं.

बिलावर नाव विक्रमसिंह जगदाळे. नंबर बाबांच्या मोबाइलचा. मोबाइल शोकेसमध्ये होता. आई तो रोज चार्ज करायची.

मी त्या फोनवरून हेल्पलाइनला लावला आणि खरं ते सांगितलं. बाई गोड आवाजात म्हणाली, “सुनके बहुत दुख हुआ सर. कस्टमर जब अवेलेबल हों, तब उनसे कॉल करवाइए.”

वसंतभाईला विचारलं. “तुंज बोली दे ने,” तो म्हणाला. “कोण जोवा आववानुं छे?”

बघायला खरंच कोणी येणार नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बाबा होऊन परत लावला. घसा साफ केला, आवाज जाड केला. दुसरीच बाई होती. “क्या मैं मिस्टर विक्रमसिंह से बात कर रही हूँ?” मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि ‘नहीं’ म्हणालो. ‘हो’ म्हणणं अवघड नव्हतं. कॉलेजात मी मित्राच्या नावानं हजेरी लावलेली आहे. पण निघालं ‘नहीं’, आणि मग त्यापुढे सांगायला काही नव्हतं. ती म्हणाली, ठीक आहे, मॅनेजर कस्टमरला कॉल बॅक करतील.

मासिकाचा दिवस उजाडला. लॅपटॉप मी सर्व्हिस सेंटरमधून परत आणला होता. आईनं तो टेबलावर ठेवला, वायर लावली आणि वर क्रोशाचा रुमाल घातला. झाकलेला लॅपटॉप पाहून काहीतरी लपवलंय हे आंधळ्यालाही कळलं असतं. विधी झाला. गुरुजी दक्षिणा घेऊन गेले. पानं मांडली. काका शोकेसशेजारच्या खुर्चीत बसले होते.

“वहिनी, लॅपटॉप उघडला म्हणे?”

“हो. चार्जिंगला आहे.”

“बघू तरी.”

“जेवून बघा ना, भाऊजी. पानं घेतलीत.”

काकांनी रुमालाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी वरणाकडे पाहिलं. तेवढ्यात शोकेसमध्ये फोन वाजला. बाबांची रिंगटोन कंपनीनं जी दिलेली असते तीच होती. ती त्यांनी कधी बदलली नाही, कारण बदलायला गेलं की फोन बंद पडायचा. आई आणि मी दोघंही जागचे हललो नाही. फोनला सगळ्यात जवळ काका होते. त्यांनी उचलला. ऐकू यावं म्हणून बाबांनी त्याचा आवाज कायम मोठा ठेवलेला असायचा.

“मिस्टर विक्रमसिंह जगदाळे?” पलीकडचा माणूस म्हणाला. “आपके नए लॅपटॉप की कंप्लेंट के बारे में. चालू नहीं हो रहा, बराबर?”

झालं. आईनं हातातला डाव पातेल्यात ठेवला. काकांनी रुमालाकडे पाहिलं, मग आईकडे. बराच वेळ. काका ओठ दाबत होते. वाक्य आत तयार असलं की ते असंच करतात.

“हां,” काका म्हणाले. “विक्रमसिंह बोल रहा हूँ.”

दोघा भावांचा आवाज सारखा आहे, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. बाबा असताना काकांचाच आवाज चालायचा.

मॅनेजरनं जन्मतारीख विचारली. काकांनी सांगितली. मग त्यानं विचारलं, घेतल्यापासून इतक्या दिवसांनी तक्रार का?

“पितृपक्ष था,” काका म्हणाले. “उसमें नई चीज खोलते नहीं.”

“पर सर, खरीदा था तो—”

“खरीदना अलग, खोलना अलग.”

“ठीक है सर. पितृपक्ष के बाद?”

“नवरात्र. हमारे में खंडेनवमी को हथियार पूजते हैं. फिर दशहरे को हाथ लगाते हैं.”

“लॅपटॉप को?”

“जिसके पास जो हथियार हो.”

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. “और दशहरे के बाद, सर?”

आई भिंतीला टेकली.

“दशहरे को मेरी तबीयत बिगड गई.”

“ओह. अब कैसी है सर?”

“अब ठीक है,” काका म्हणाले. “अब कुछ तकलीफ नहीं.”

“अच्छा है सर, खयाल रखिए.” तो काहीतरी वाचत असावा. “पार्ट तो हमारा ही खराब था. मैं अप्रूव कर देता हूँ. एक बात है, ये मॉडल शायद बंद होनेवाला है. आप चाहें तो पैसे वापस ले लीजिए, या कोई दूसरा अच्छा मॉडल देख लीजिए.”

“नहीं,” काका म्हणाले. “यही चाहिए.”

“सर, दूसरे में फीचर जादा—”

“मैंने देख के लिया है.” काकांचा आवाज चढला नाही, पण खुर्चीत ते ताठ झाले होते. “कितने इतवार दुकान में गया. एक-एक उठाकर कान को लगाके देखा. मेरा लेना बराबर था. डब्बे में तुमने खराब डाला. लिखो ये.”

“लिख लिया सर.”

“क्या लिखा?”

“कस्टमर का सिलेक्शन सही था.”

“हां.”

काकांनी फोन कानावरून काढला. मग तो त्यांनी शोकेसमध्ये जिथं होता तिथंच, वायर लावून ठेवला. वायर उलटी लावली होती, ती काढून परत सुलटी लावली.

“लबाड आहेत लेकाचे, वहिनी,” ते म्हणाले. “चांगल्या माणसाला फसवतात.”

आईनं काकांच्या पानात खीर वाढली आणि ते ‘पुरे’ म्हणाल्यावर आणखी एक डाव वाढली. आम्ही जेवायला बसलो. मला भूक लागली होती, कोणी आठवण करून न देता. रुमालाखालचा लॅपटॉप काकांनी मागितला नाही.