एकताचं पिस्तूल

सुटीवर आलेली एकता पहिले दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी दुपारी उठून तिने चहा केला, एक कप नवऱ्यापुढे, सुगतपुढे ठेवला आणि म्हणाली, "ह्यूस्टनला परत गेल्यावर मी पिस्तूल घेणार आहे. कुठलं घ्यायचं ते तू सांग. आणि चालवायला शिकव."

सुगत तिच्याकडे बघतच राहिला. सिंगापूरमधल्या त्यांच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये खाली चाललेल्या लहान मुलांच्या सायकलींचा आवाज येत होता.

एकताचा जन्म ह्यूस्टनचा. वडील भीमराव तिथे संशोधन करत होते तेव्हाचा, म्हणून पासपोर्ट अमेरिकेचा. वाढली मात्र नागपुरात, आणि लग्न करून आली सिंगापूरला. कृत्रिम हात बनवणाऱ्या ह्यूस्टनच्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं तेव्हा सुगतच म्हणाला होता, "जा, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." दोनाची चार झाली. सुगत चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याची शिफ्ट संपायची तेव्हा तिची सुरू व्हायची. फोनवर दोघांपैकी एक जण कायम जांभई देत असे.

मार्चमध्ये प्रयोगशाळेच्या पार्किंगमध्ये एका माणसाने तिच्या बरगडीला पिस्तूल लावलं. फोन, पर्स, गाडीची किल्ली घेतली आणि जाताजाता पिस्तूल कानावर हाणलं. सुगतला तिने हे पुढच्या आठवड्यात सांगितलं, तेही सर्दी झाली होती म्हणावं तसं.

"परत ये ना," तो आता म्हणाला.

"प्रोजेक्ट अर्ध्यात आहे. आणि हे आपलं फोनवर शंभरदा बोलून झालंय सुगत. मला परत परत तेच नको."

त्यालाही नकोच होतं.

सुगत गेली काही वर्षं इथल्या एका क्लबमध्ये नेमबाजी करत होता. कागदी टार्गेट, कानावर आवाज अडवणारे मफ, पिस्तूल क्लबच्या तिजोरीत. त्याला ते आवडायचं, कारण त्या तासाभरात डोक्यात दुसरं काही येत नसे. माणसावर रोखायची वस्तू म्हणून त्याने पिस्तुलाकडे कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी त्याने लॅपटॉप उघडला. एकताला सगळ्यांत छोटं हवं होतं. तिची ह्यूस्टनमधली मैत्रीण मीनल तसलंच पर्समध्ये टाकून फिरायची.

"छोटं दिसायला सोपं, चालवायला अवघड," तो म्हणाला. "हातात नीट बसत नाही आणि झटका जास्त देतं. सराव करताना हात दुखला की तू सरावच सोडशील. मधल्या मापाचं घे. आणि पर्समध्ये अजिबात नाही. पर्सच ओढून नेली तर?"

"मग कुठे?"

"कमरेला. पिस्तूल अडकवायचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, जाड पट्टा, वर सैल शर्ट."

"म्हणजे कपडेही बदलायचे."

"बसायची, वाकायची पद्धतसुद्धा."

एकताने लॅपटॉप मिटला. "उद्या बघू," म्हणाली.

क्लबमध्ये पाहुणी म्हणून तिला परवानगी मिळायला थोडे दिवस लागले. कोच लिम तिच्या मागे उभे राहिले. पहिल्या गोळीला ती दचकली, पण नंतर दचकली नाही. हात हाच तिचा अभ्यासाचा विषय; कुठल्या बोटावर किती भार यायला हवा हे तिला सांगावं लागलं नाही. पिस्तुलाच्या वरचा सरकता भाग, स्लाइड, मागे ओढताना मात्र मनगट लटपटायचं. सुगतने तिला फक्त हाताच्या जोरावर न ओढता अंग पुढे ढकलून ओढायला शिकवलं. दोनचार खेपांत तिची छिद्रं कागदाच्या मध्याजवळ यायला लागली.

"युवर वाइफ व्हेरी स्टेडी," लिम त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "ब्रिंग हर फॉर कॉम्पिटिशन लाह."

सुगतने हसून मान हलवली. लिमना खरं कारण त्याने सांगितलं नव्हतं.

कमरेचं पिस्तूल बाहेर काढायचा सराव क्लबमध्ये चालत नसे आणि घरात खेळण्यातलं हुबेहूब पिस्तूल ठेवणंही इथे गुन्हा. म्हणून एकताने सुगतच्या चष्म्याची रिकामी केस कमरेत खोचली. डाव्या हाताने शर्ट वर, उजव्या हाताने केस बाहेर, बोट ट्रिगरच्या जागेपासून लांब. पुन्हा आत, सावकाश. पुन्हा. हॉलमध्ये पंख्याखाली दोघं घामाघूम व्हायचे. कधी ती मध्येच सोफ्यावर बसायची आणि कितीतरी वेळ उठायची नाही.

एकदा सकाळी तिने नेहमीसारखी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हटलं. सुगत शिफ्टवरून आला होता, दारातच उभा होता.

"पाणातिपाता वेरमणी, जीव घेणार नाही," तो म्हणाला. "तुझी वेळ आली तर चालवशील?"

तिने मेणबत्ती सरळ केली. "त्याने माझ्या बरगडीला लावलं तेव्हा मीही जीवच होते ना?"

"मी ते नाही विचारलं."

"माहीत आहे काय विचारलंस. आंघोळ कर जा, दमलायस."

जायच्या आधीच्या रविवारी दोघं ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फिरायला गेले. ऊन उतरलं होतं, समुद्रात जहाजं रांगेने उभी होती. बऱ्याच दिवसांनी दोघं कशाबद्दलच बोलत नव्हते आणि ते बरं वाटत होतं. तेवढ्यात मागून धावती पावलं आली आणि कुणीतरी ओरडलं, "हे! हे!"

एकता गर्रकन वळली. डावा हात शर्टच्या कडेला, उजवा कमरेपाशी. सुगतने तिचे डोळे पाहिले. त्यांत तो नव्हता, समुद्र नव्हता, काहीच नव्हतं.

समोर एक म्हातारे चिनी काका धापा टाकत होते. त्यांच्या हातात एकताची टोपी होती. "वाऱ्याने उडाली," ते इंग्रजीत म्हणाले, टोपी तिच्या हातात दिली आणि आले तसे पळत गेले. त्यांना काही कळलं नाही.

एकता बाकावर बसली. "असतं तर काढलं असतं मी," ती म्हणाली. "सुगत, मी काढलं असतं."

"काढणं आणि चालवणं यात फरक आहे. थांबायचं कधी, हेही शिकतात लोक. तो सराव आपण केलाच नाही." हे बोलताना आपला आवाज लिमसारखा येतोय असं त्याला वाटलं.

"किती शिकायचं रे?"

त्याने तिचा हात धरला.

ती गेली. तिकडे तिने रीतसर वर्गही केला, सुगतने सांगितलेलं पिस्तूल आणि होल्स्टर घेतलं. तो रोज विचारायचा, नीट ठेवलंस ना, सराव केलास ना. मग एकदा ती म्हणाली, "रोज विचारू नकोस. मी बाळगते. बस." त्याने विचारणं सोडलं. झोप त्याला तशीही लागत नव्हती.

पावणेदोन महिन्यांनी तिचा फोन आला. आवाज शांत होता.

"आज लॅबमध्ये एक माणूस आला. कोपरापासून हात नाही. आम्ही त्याला नवा बसवला, तो पहिल्यांदा मूठ वळवत होता. आणि मी काय बघत होते माहितीये? त्याचा दुसरा हात खिशात का आहे."

सुगतने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लिफ्टमध्येही तेच. दुकानातही. मला नाही जमत असं जगायला. ज्यांना जमतं त्यांना जमो. पिस्तूल मी दुकानात परत विकलं. आणि बॉसशी बोलले. माझ्या टीममधला तन्मय प्रोजेक्ट सांभाळेल, मी परत येतेय, त्याला सिंगापूरहून मदत करीन."

"नक्की?"

"नक्की. मला हरल्यासारखं वाटतंय, ते सांगून ठेवते. मी आले की आनंदाने नाचू नकोस."

"नाही नाचणार," तो म्हणाला, आणि खरंच त्याच्यात तेवढी ताकद नव्हती.

ती आली त्या संध्याकाळी त्याने हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून सूप नूडल्स बांधून आणले. दोघं स्वयंपाकघरात उभ्यानेच खायला लागले.

"लिम विचारत होते तुझं," सुगत म्हणाला. "येशील क्लबवर?"

"आता काही दिवस मला काहीच शिकायचं नाही," एकता म्हणाली. "तिखट आहे का अजून?"

त्याने तिखटाची पुडी फोडून तिच्या वाटीत ओतली.