राजा थांबला तेव्हा

‘मी विसरलो नव्हतो. थांबलो होतो. तुला कळलं नाही?’

एवढंच मित्राचं पत्र. त्याला उत्तर द्यायचं काकांचं राहून गेलं होतं. आज लेकीबरोबर नाट्यगृहात बसताना पत्र पुन्हा आठवलं, कारण नाटक तेच होतं.

म्हाताऱ्या राजाचं ते जुनं नाटक त्यांनी जन्मभर विंगेतून पाहिलं होतं. नट अडला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, हे त्यांचं काम. नाटकमंडळी त्यांना कुजबुजकाका म्हणत. आज परदेशी नट तेच नाटक स्वतःच्या भाषेत करत होते.

पडदा उघडला. सिंहासनाच्या जागी आंघोळीचा टब, टबात रेनकोट घातलेला राजा.

“हा दाढीवाला प्रधान का गं?”

“राणी आहे ती, बाबा.”

“मग मघाशी मेली ती कोण?”

“तो घोडा होता. वर भाषांतराची पट्टी आहे ना, ती वाचा.”

पट्टी वाचावी तर राजा निसटायचा, राजाकडे बघावं तर पट्टी पुढे पळायची. नाटक तोंडपाठ, तरी कुठलं पान चाललंय याचा पत्ता लागेना. आपलंच डोकं चालत नसावं, असं त्यांना वाटू लागलं.

“बाबा, ओठ हलवू नका. शेजारच्या बाई दोनदा ‘काय म्हणालात?’ म्हणाल्या.”

शेवटच्या प्रवेशात मेलेल्या राजपुत्राची चप्पल हातात घेऊन राजा उभा राहिला. हे मात्र त्यांनी ओळखलं. आता वाक्य होतं, ‘दिवे मालवा.’

राजा बोलेना.

त्यांच्या मंडळीतला राजा, त्यांचा जिवाभावाचा मित्र, एका प्रयोगात याच वाक्याला असा गप्प झाला होता. त्यांनी वाक्य पुरवलं. तो तरी बोलेना, म्हणून पुन्हा, जरा मोठ्यानं. पुढच्या रांगा हसल्या. म्हातारा विसरायला लागला, अशी बोलवा झाली आणि राजाची भूमिका दुसऱ्याकडे गेली. मग ते पत्र आलं.

समोरचा राजा अजून गप्पच. कोणी खोकलं.

“दिवे मालवा,” त्यांच्या तोंडून गेलंच.

शेजारच्या बाईंनी डोळे वटारले. राजा ढळला नाही. पट्टीही कोरी होती. त्यानं चप्पल टबाशेजारी सरळ ठेवली, कोणी येऊन पाय घालील अशी. दिवे आपोआप गेले.

“वाक्य गाळलं त्यांनी,” ते अंधारात पुटपुटले.

“गाळलं कुठे? सगळ्यांना ऐकू आलं की.” लेकीचा आवाज ओला होता.

सकाळी त्यांनी कार्ड घेतलं. मित्र तेव्हा विसरला होता की थांबला होता? अजूनही छातीठोक सांगता येईना. ‘तू थांबला होतास’ लिहिलं, खोडलं. ‘मला कळलं नाही’ लिहिलं, ते राहू दिलं. खाली लिहिलं : ‘ये. तो प्रवेश मला करून दाखव. हवा तेवढा थांब. मी समोर बसेन, तोंड उघडणार नाही.’

टपालपेटीच्या फटीत कार्ड अर्धं घालून ते तसेच उभे राहिले. मागे एक गृहस्थ पाकीट घेऊन खोळंबला होता.

“अडकलं का, काका? मी ढकलू?”

“नाही हो. थांबलोय जरा.”

मग त्यांनी कार्ड सोडलं.