सटवाआबांच्या मनातलं

आपल्या नवऱ्याचं डोकं म्हणजे रिकामं पोतं, असं साखराबाई चाळीस वर्षं सांगत आली होती. सटवाआबांनी ते कधी मनावर घेतलं नाही. पण आता नातीचा मोबाइलही तेच म्हणायला लागला, तेव्हा मात्र म्हातारा धास्तावला.

मोहिनी बीडच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. तिचा प्रयोग साधा होता. दिवसभरात मोबाइल केव्हाही, एकूण दहा वेळा वाजणार आणि त्या क्षणी मनात जे असेल ते आबांनी सांगायचं. ज्याच्या मनातलं त्यालाच ठाऊक, तेव्हा पदरचं काही घालायचं नाही, एवढीच अट.

पालीच्या धरणाकडेला आबांच्या शेळ्या चरत होत्या. दुपार कलेपर्यंत मोबाइल नऊ वेळा वाजला. नऊही वेळा आबांनी मनात डोकावून पाहिलं आणि मान हलवली.

"काईच न्हवतं."

"आबा, भाकर, तंबाखू, कायतरी असंलच की."

"असतं तर सांगितलं असतं. खोटं कावून बोलू?"

पोरीची वही कोरी राहिली याचं त्यांना वाईट वाटलंच. पण भीती वेगळीच होती. सत्तरी आली, आणि आपल्या आत खरंच कुणी राहत नसलं तर?

दहाव्यांदा मोबाइल वाजला तेव्हा आबा काठी टेकून आधीच उठले होते.

"आता काय होतं मनात?"

"काईच न्हाई. एक शेळी कमी हाय."

मोहिनीनं दोनदा मोजल्या. बेचाळीसच्या एक्केचाळीसच भरल्या. आबा शेळ्या कधी मोजत नसत. कळपावरून नजर फिरली की त्यांना कळायचं.

"मग मनात शेळी होती म्हणा की."

आबांनी पुन्हा एकदा कळपावरून नजर फिरवली. "शेळी न्हवती. काईच न्हवतं. पन ते काईच एका शेळीएवढं होतं."

मोहिनी भराभर लिहायला लागली. पान भरलं तसा म्हातारा मनातून लई सुखावला.

तेवढ्यात साखराबाई हरवलेल्या शेळीला कानाला धरून घेऊन आली. घरच्या अंगणात वाळत घातलेली बाजरी खाताना सापडली होती. नातीनं आजीला सगळं पान वाचून दाखवलं.

"बरं," साखराबाई म्हणाली, "आन मी लिंबागणेशला माहेरी गेलते तवा ते काईच केवढं होतं वो?"

आबांनी शेळीचा कान सोडवला.

"तवा शेळ्या मोजाव्या लागल्या."

साखराबाईनं त्या दिवसापासून पोत्याचं नाव काढलं नाही.